डीएम आधी की अमेरिका आधी? बालन्यूरॉलॉजीत संशोधन करू पाहणारीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमडी पेडियाट्रिक्स झालं, डीएम पेडियाट्रिक न्यूरॉलॉजीची (मुलांच्या मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांतली, एमडीनंतरची तीन वर्षांची पदवी) तयारी चालू आहे, तेवढ्यात ह्यूस्टनच्या एका लॅबने वर्षभरासाठी बिनपगारी रिसर्चची जागा देऊ केली. घ्यावी का? आणि पुढे अमेरिकेतच राहून संशोधन जमेल का?

ताई म्हणून विचारलंस, तर स्पष्ट सांगते. बिनपगारी येऊ नकोस. भाडं, गाडी, विमा हे सगळं पदरचं घालावं लागेल ते वेगळंच, पण ज्याच्यावर लॅबचा पैसा लागलेला नाही त्याचं काम पुढे सरकावं अशी घाई कुणालाच नसते. २०२४ साली एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, पोस्टडॉकच्या (पदवीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याच्या) पहिल्या वर्षाचा स्टायपेंड ६१,००८ डॉलर ठरवला होता आणि बऱ्याच संस्था एनआयएचचा त्या-त्या वर्षीचा आकडा धरून चालतात. तो समोर ठेवून बोलणी कर.

आता डीएमचं. इथे अमेरिकेत प्रॅक्टिस करायची तर डीएम सहसा धरली जात नाही. चाइल्ड न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे इथलं रुग्णालयातलं प्रशिक्षण, पाच वर्षांची: दोन बालरोगाची, तीन न्यूरॉलॉजीची, त्यात एक वर्ष मोठ्यांच्या न्यूरॉलॉजीत. आपलं एमडी असलं तरी बालरोगाची दोन वर्षं सहसा पुन्हा करावी लागतात. म्हणजे तिकडची तीन आणि इकडची पाच, अशी आठ वर्षं शिकण्यातच जातील. महाराष्ट्रातच काम करायचं मनात असेल तर डीएम कर आणि मग एपिलेप्सीसारख्या विषयात टोरोंटो किंवा लंडनला एक-दोन वर्षांची फेलोशिप घे. इथे राहायचं असेल तर डीएमची वाट न बघता स्टेप वन आणि स्टेप टू सीके या इथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षांच्या मागे लाग. ‘आधी डीएम तर होऊ दे, मग बघू’ हे मात्र करू नकोस.

व्हिसाचा संशोधनाशी थेट संबंध आहे, हे इथे येईपर्यंत फारसं कुणी सांगत नाही. जे-वन या एक्स्चेंज व्हिसावर रेसिडेन्सी केलीस की दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागतेच. ती माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी, आणि तिथे दिवसभर ओपीडी असते, लॅब नसते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप थ्री आधीच झालेली लागते. डॉक्टर-संशोधकांचे पहिले मोठे ग्रँट म्हणजे एनआयएचचे के०८ आणि के२३, आणि ते मिळायला ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व हवं. के९९ या पोस्टडॉकसाठीच्या ग्रँटला ती अट नाही, पण पोस्टडॉकची चार वर्षं उलटायच्या आत अर्ज करावा लागतो. नवऱ्याच्या नोकरीचं विचारलं होतंस: जे-टूवर (जे-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो.

हे झालं कागदपत्रांचं. मला खरी काळजी वेगळी आहे. तुझ्या मेसेजमध्ये देश आहे, लॅब आहे, पण आजार कुठेच नाही.

तू येऊ म्हणतेस त्याच गावातलं उदाहरण घे. हुदा झोग्बी मूळच्या बैरूतच्या. लेबनॉनमध्ये यादवी पेटल्यावर वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर असताना अमेरिकेत आल्या आणि ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमध्ये बालन्यूरॉलॉजी शिकल्या. १९८३ साली त्यांच्यासमोर एक मुलगी आली, आधी नीट वाढलेली, मग बोलणं हरवलेली, सतत हात पिळत बसणारी. रेट सिंड्रोम. त्याचं जनुक शोधायचं त्यांनी ठरवलं, त्यासाठी रेण्वीय आनुवंशिकी पहिल्यापासून शिकल्या. पण रेट बहुतेकदा घराण्यात एकाच मुलीला होतो, त्यामुळे माग काढणं फार अवघड. म्हणून जोडीला त्यांनी पिढ्यानपिढ्या उतरणारा एक आजार घेतला, स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, ज्यात हळूहळू शरीराचा तोल जातो. हॅरी ऑर या संशोधकासोबत त्याचं जनुक १९९३ साली सापडलं. रेटचं, एमईसीपी२, १९९९ साली. मधल्या काळात लॅब टिकली ती या दुसऱ्या, सुटण्याजोग्या प्रश्नामुळे, असं माझं ठाम मत आहे. तूही दोन प्रश्न घे: एक दोन-तीन वर्षांत हाती लागेल असा, एक आयुष्यभर पुरेल असा.

आणि ते प्रश्न तुझ्या ओपीडीतच आहेत. आई मोबाइलवर व्हिडिओ दाखवते: सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ पुढे वाकतंय, हात वर जातायत, मग रडतंय. घरचे म्हणतात दचकतंय, कुणी पोटदुखीचं औषध देतं. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) होईपर्यंत महिने गेलेले असतात, आणि इन्फंटाइल स्पाझम या तान्ह्या बाळांच्या झटक्यांमध्ये उपचाराला झालेला उशीर पुढच्या बुद्धीवर उमटतो. हा उशीर नेमका कुठे होतो, हे तू आहेस तिथूनच मोजता येईल. दुसरं म्हणजे हेलिक्स ट्रायल वाच. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मेंदू वाचवतो. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला. २०२१ साली निकाल आला: फायदा नाहीच, उलट मृत्यू जास्त. आपल्या बाळांचा प्रश्न आपल्याच बाळांवर तपासावा लागतो, म्हणून तुझ्या वॉर्डाचा अनुभव इथे कमी लेखू नकोस.

लॅबप्रमुखांना आता एवढंच विचार: पगार कुठल्या ग्रँटमधून, ती ग्रँट कधी संपते, आधीचे परदेशी फेलो आज कुठे आहेत, त्यांचे फर्स्ट ऑथर पेपर किती, आणि क्लिनिकमध्ये बसू देणार का. रिसर्चच्या व्हिसावर पेशंटला हात लावता येणार नाही, नुसतं बघता येईल, हे गृहीत धर. एकीकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून लागणारे कागद मागवायला घे, त्याला वेळ लागतो. लॅबचं उत्तर ऑफर लेटरसकट पाठव, व्हिसाची कलमं मी वाचून सांगते.