एकाच बाईचा जबाब पुन्हा पुन्हा घेण्याबद्दल (उत्तर लांब झालंय)

तुम्ही लिहिलंय की लॉ करून बांगलादेशात कॉक्स बाजारला, रोहिंग्या निर्वासितांच्या कॅम्पांच्या भागात, एका संस्थेत लागलात, रोहिंग्या बायकांचे जबाब नोंदवायचं काम आहे, आणि एका बाईने "हे सगळं मी आधीच सांगितलंय, ते कुठे गेलं?" असं विचारून तोंड फिरवलं, आता कोऑर्डिनेटर म्हणतोय की फॉर्म पूर्ण भरायलाच हवा. वाचून राहवलं नाही. मी तिथल्याच उखियाच्या कॅम्पात समुपदेशक होते, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगेन ते सीनियरकडून एकदा तपासून घ्या. एकांत, बाई दुभाषी, संमती वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

माझं स्पष्ट मत, तो फॉर्म पूर्ण भरू नका.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईचा सविस्तर जबाब एका मोठ्या संस्थेच्या ऑफिसने आधीच घेतला होता. नाव घेत नाही. झोपडीतच घेतला, सासू शेजारी बसलेली, म्हणून तिने अर्धं गाळलं आणि स्वतःवर बेतलेलं जावेच्या नावावर सांगितलं. इंग्रजी कागदावर अंगठा, आणि सगळ्या कारणांसाठी मिळून एकच संमती. पुढे विश्वास बसला तसं तिने माझ्याजवळ खरं काय ते सांगितलं, कोर्टात सांगायचीही तयारी दाखवली. मग तिच्या परवानगीसकट मी त्या ऑफिसकडे जुन्या जबाबाची प्रत मागितली. उत्तर आलं, गोपनीय आहे. अहो, जबाब तिचा आणि तिच्यापासूनच गोपनीय? फील्डवाले म्हणाले हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिस म्हणालं फील्डला विचारा, मग तो अधिकारी बदलून गेला, मग प्रोजेक्टचं फंडिंगच संपलं. आणि तोपर्यंत तोच मजकूर त्यांच्या छापील रिपोर्टमध्ये येऊन गेलेला, नाव बदललेलं पण गाव, मुलं किती, नवरा काय करायचा सगळं तसंच, ओळखीच्या कुणालाही कळावं असं. दिराच्या कानावर गेलं. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. मला त्या ऑफिसचा आजही संताप येतो, कारण तिथे कुणालाच यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तरी हे नुकसानच आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियमांत लैंगिक अत्याचार सिद्ध करायला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच अशी अट नाही, म्हणजे एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट विश्वास ठेवू शकतं. पण तिचे चार ठिकाणी चार जबाब असतील तर उलटतपासणीत आरोपीचा वकील ते शेजारी शेजारी ठेवणार, इथे जावेवर बेतलं म्हणालात, तिथे स्वतःवर म्हणालात, खरं कुठलं? सासू समोर होती हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणूनच युरोजस्ट (युरोपियन युनियनची न्यायिक सहकार्याची संस्था) आणि त्याच न्यायालयाच्या अभियोक्त्यांच्या कार्यालयाने २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात सविस्तर जबाब शक्यतो घेऊच नका असं सांगितलंय. इसिसच्या अत्याचारातून वाचलेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाचा मुराद कोड, म्हणजे पीडितांकडून माहिती कशी घ्यावी याची आचारसंहिता, तीही त्याच वर्षीची, कोऑर्डिनेटरसमोर दोन्ही प्रिंट काढून ठेवा.

कुणी म्हणेल, मग बायकांना विचारायचंच नाही का? तसं नाही. रवांडातल्या वंशसंहाराच्या, आकायेसू नावाच्या महापौरावरच्या खटल्यात मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच, बायका कोर्टात बोलल्या, नवी पिल्लै यांच्यासारख्या न्यायाधीश बाकावर होत्या, म्हणून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ ला बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असा निकाल आला. तिथे विचारलंच जात नव्हतं. कॉक्स बाजारला सगळे त्याच बाईला तेच विचारतात आणि हुकूम देणाऱ्या वरच्या माणसापर्यंत नेणारा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे नीट लक्षात घ्या, कारण केस बहुतेक तिथेच पडते. काँगोचा सशस्त्र गटाचा नेता बेम्बा याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात २०१६ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली होती, २०१८ मध्ये अपिलात तो सुटला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्याच्या सैनिकांनी बलात्कार केलेच नाहीत असं अपिलात ठरलं नाही, दूर बसलेल्या कमांडरची जबाबदारी ३ विरुद्ध २ मतांनी टिकली नाही. उलट काँगोचाच बंडखोर कमांडर न्टागांडा याला ३० वर्षांची शिक्षा झाली आणि ती अपिलातही टिकली. म्हणजे हवंय ते हे: कुठली तुकडी होती, गणवेशावर खूण कसली, आधी कुठल्या चौकीवर होते, हुकूम कोण देत होता, गाडी कुठून आली. म्यानमारच्या राखाइन प्रांतात २०१७ साली तिथल्या लष्कराच्या ३३ आणि ९९ क्रमांकाच्या लाइट इन्फन्ट्री डिव्हिजन होत्या हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने नोंदवलंय. यातलं बरंचसं गावातले पुरुष, दुकानदार, शाळामास्तर सांगू शकतात, त्यासाठी त्या बाईला पुन्हा त्या रात्रीत ढकलायची गरज नाही. आणि पुरुषांशी बोलताना त्यांच्यावरही अत्याचार झाले असतील हे धरून चला, त्याच मंडळाच्या २०१९ च्या रिपोर्टमध्ये पुरुष आणि ट्रान्सजेंडर पीडितांची नोंद आहे.

अजून एक, तुमच्या फॉर्ममध्ये सीमा ओलांडण्याबद्दल एकच ओळ आहे म्हणालात, ती वाढवा. म्यानमार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, बांगलादेश आहे, आणि सीमा ओलांडायला लावण्याचा गुन्हा काही अंशी बांगलादेशात घडतो, म्हणून त्या न्यायालयाची चौकशी हद्दपारी आणि छळ यावर उभी आहे. त्यामुळे बाईने घर का सोडलं, कधी, कुणाच्या भीतीने, कुठून नदी ओलांडली हे थोडक्यात का होईना पण हवंच.

याशिवाय तिच्याकडून एवढंच घ्या: तिला आत्ता कसली मदत हवी, आधी कुणाकुणाला सांगितलंय, पुढे तपासणाऱ्यांनी भेटलेलं चालेल का आणि निरोप कुणामार्फत द्यायचा. संमती प्रत्येक वापराला वेगळी घ्या, उपचाराला वेगळी, रिपोर्टला वेगळी, तपास यंत्रणेला वेगळी, आणि ती मागे कशी घ्यायची हेही सांगा. नव्याने आलेली, ताजी घटना असेल तर कागद बाजूला ठेवून आधी दवाखाना, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, काही जण फॉर्मच्या नादात तो वेळ घालवतात.

आणि कोऑर्डिनेटरला लेखी विचारा, प्रोजेक्ट संपल्यावर हे जबाब कुणाच्या ताब्यात राहणार आणि बाईने स्वतःची प्रत मागितली तर कोण देणार. उत्तर मिळेपर्यंत नवीन जबाब घेऊ नका, नोकरीवर दबाव आला तर इथे लिहा, त्या भागात काम केलेले अजून दोघंतिघं या ग्रुपवर आहेत.