बुल रायडिंग की रोपिंग? टेक्सासमधल्या एका आईला उत्तर

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा 17 वर्षांचा, अकरावीत आहे. तीन वर्षं हायस्कूल रोडिओत (काउबॉय खेळांच्या स्पर्धांत) टीम रोपिंग, म्हणजे दोन घोडेस्वारांनी मिळून गोऱ्ह्याला दोराने पकडणं, हे करतोय. शिंगांवर फास टाकणारा, म्हणजे हेडर आहे. आता म्हणतो रोपिंग सोडून बुल रायडिंग (उधळत्या बैलावर स्वारी) करणार, कॉलेज नको, आणि पुढे बेन जॉन्सनसारखं वेस्टर्न सिनेमात जाणार. आम्हा दोघांनाही यातलं काही कळत नाही. त्याला काय सांगू?

ताई, नमस्कार.

मुलाने नाव योग्य काढलंय, पण माहिती अर्धीच वाचलेली दिसते. रोडिओपटू आणि वेस्टर्न सिनेमांतला नट बेन जॉन्सन, त्याने 1953 साली जगज्जेतेपद मिळवलं ते टीम रोपिंगमध्ये. म्हणजे तुमचा मुलगा जे सोडायला निघालाय, नेमकं त्यातच. शिवाय रोडिओत नाव झालं म्हणून सिनेमा मिळाला, असंही त्याचं झालं नाही. 1940 च्या सुमारास तो ओक्लाहोमाहून निर्माता हॉवर्ड ह्यूजच्या चित्रपटासाठी घोडे पोचवायला आला, आणि ते सांभाळता सांभाळता नटांच्या जागी घोड्यावर बसू लागला. रँचवर दिवसाला 1 डॉलर मिळायचा आणि हॉलिवूडचा पहिला चेक 300 डॉलरचा होता, असं तो सांगायचा. 1948 च्या ‘फोर्ट अपाची’च्या चित्रीकरणात माणसं बसलेल्या गाडीचे घोडे उधळले. ते त्याने आवरले आणि मग दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याच्याशी करार केला. ऑस्कर मिळालं 1972 साली, वयाच्या 53 व्या वर्षी. मधल्या काळात 1953 चं अख्खं वर्ष त्याने सिनेमा बाजूला ठेवून रोडिओला दिलं. जगज्जेता झाला, पण घरी परतला तेव्हा हातात पैसे जवळपास उरले नव्हते.

ते आजही फारसं बदललेलं नाही. रोडिओत पगार नसतो. प्रत्येक ठिकाणी प्रवेश फी स्वतः भरायची, आणि बक्षिसात नंबर आला तरच पैसे. व्यावसायिक संघटना पीआरसीए 18 वर्षं पूर्ण झाल्यावर आधी परमिट देते. त्यावर 1,000 डॉलर जिंकून दाखवले की पूर्ण सदस्यत्वाचं कार्ड मागता येतं.

बुल रायडिंगकडे मुलं का वळतात, त्याचं कारण समजण्यासारखं आहे. घोडा, ट्रेलर, चारा, दर 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद, यातलं काहीच लागत नाही. बॅगेत दोर, हातमोजा आणि जॅकेट टाकलं की निघाले. एका हाताने दोर धरून बैलाच्या पाठीवर 8 सेकंद टिकायचं. 100 पैकी निम्मे गुण स्वाराचे, निम्मे बैलाचे. पण खरा धोका असतो तो खाली उतरल्यावर. 1989 मध्ये वायोमिंगमधल्या शायेनच्या रोडिओत बुल रायडर लेन फ्रॉस्ट आपली फेरी पूर्ण करून उतरला आणि मग बैलाने मारल्याने गेला. संरक्षक जॅकेट रूढ झालं ते त्यानंतर. सिनेमात जायचं ठरवलेल्या मुलाने गुडघे आणि खांदे विशीतच खर्चू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रोपिंग पन्नाशीतही करता येतं.

रोपिंगही निर्धोक नाही, तेव्हा एवढं त्याला जरूर विचारा. शिंगांवर फास पडला की हेडर दोराचे वेढे खोगिराच्या पुढच्या खुंटीला (हॉर्नला) मारतो. त्या क्षणी अंगठा वर असतो की वेढ्याच्या आड? आड सापडला तर दोराच्या झटक्याने तुटतो. रोपर लोकांत अंगठा गमावलेले कमी नाहीत. वेळ गाठायच्या घाईत हीच चूक होते. बॅरिअर (गोऱ्ह्याला आघाडी मिळेपर्यंत घोड्यापुढे ताणलेला दोर) तोडला की 10 सेकंदांचा दंड, मागचे पाय पकडणाऱ्या जोडीदाराने, म्हणजे हीलरने, एकच पाय पकडला तर 5 सेकंदांचा. एकेक सेकंद मोजला जातो, म्हणून सगळीच घाई असते.

सेटवर नेमकी हीच घाई नडते. रोडिओचा घोडा बॉक्समधून (सुरुवातीच्या कठड्यातून) सुसाट सुटायला शिकवलेला असतो. सिनेमात घोड्याला दिव्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत अर्धा तास शांत उभं राहायचं असतं, मग एकाच वेगाने दौडत येऊन जमिनीवरच्या खुणेवर थांबायचं, आणि हे आठ वेळा. मुलाने आतापासून याचा सराव करावा. डाव्या आणि उजव्या, दोन्ही लीडवर (पुढे पडणाऱ्या पायावर) कँटर, म्हणजे मध्यम दौड, खुणेवर थांबणं, दौडताना वाक्य बोलणं. जोडीची घोडागाडी हाकायला तर आवर्जून शिकावं, कारण ते येणारे फार थोडे आहेत. जॉन्सनने 1950 च्या ‘रिओ ग्रांडे’साठी दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौडण्याचा सराव केला होता. असं काही शिक्षकाशिवाय करू नये, हे वेगळं सांगायला नको.

कॉलेजबद्दल वाद घालूच नका. रोडिओ कॉलेजातही होतो. स्टीफनव्हिलचं टार्लटन स्टेट तुमच्याहून फार लांब नाही, तिथे रोडिओ संघ आहे आणि पशुविज्ञानाची पदवीही. स्कॉलरशिप आणि घोडा ठेवायची सोय, या दोन गोष्टी थेट रोडिओ कोचला ईमेल करून विचारा. मुलानेच लिहावं, तुम्ही नाही. ईमेलसोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ जोडावा. सलग पाच धावा, फसलेलीही एखादी राहू द्यावी. कोच लोकांना दोर कसा फेकतो याइतकंच घोडा कसा आवरतो हे बघायचं असतं.

सुट्टीत मात्र सिनेमाला घोडे पुरवणाऱ्या एखाद्या रँग्लरकडे काम मिळतंय का बघा. शेण काढणं, खरारा, पहाटे चारला ट्रेलर भरणं. अभिनेत्याच्या आधी घोडा सेटवर पोचतो, आणि घोड्यासोबत तो सांभाळणाराही. जॉन्सन आत शिरला तो याच दाराने.

आणि आजच्या आज एक करा. तुमची आरोग्यविम्याची पॉलिसी काढून रोडिओतल्या दुखापती वगळल्यात का ते वाचा. नाही समजलं तर विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागवा.