जकात 'भरतात' की 'काढतात'?

प्रश्न असा आहे : 'जकात म्हणजे नाक्यावरचा कर. मग मुसलमान रमजानमध्ये देतात ती जकात कर की दान? आणि वसूल करणारं कुणी नसताना ती का देतात?'

शब्द एकच, अरबी. मुसलमानी राजवटींत तो मालावरच्या महसुलालाही चिकटला आणि तिथून मराठी दफ्तरात आला. शिवाजी महाराजांनी १६७१मध्ये कुडाळच्या सुभेदाराला बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिलं, तिथे धर्माचा संबंधच नाही. मुंबईतली ही जकात २०१७मध्ये जीएसटी आल्यावर गेली.

रमजानमधली जकात मात्र खैरात नव्हे. खैरात मर्जीची, जकात फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक चांद्र वर्षभर टिकली, की तिच्यावर अडीच टक्के. राहतं घर आणि कारागिराची हत्यारं धरत नाहीत, दुकानातला विकाऊ माल धरतात. बायकांच्या वापरातल्या दागिन्यांवर हनफी मुसलमान जकात काढतात (हनफी आणि शाफई या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा). कोकणी मुसलमान शाफई, त्यांच्यात अशा दागिन्यांना सूट. (हनफी सून शाफई घरात आली तर हिशेबाला बसताना मजा येत असेल.)

पाकिस्तानात १९८०च्या वटहुकमानंतर बँका बचत खात्यातून जकात परस्पर कापू लागल्या, तर लोक रमजानच्या तोंडावर पैसे काढून घेऊ लागले. भारतात मुसलमान अल्पसंख्य, इथे कापणारं कुणी नाही. तरी देतात, कारण ती रक्कम मुळात गरिबाचा हक्क मानली आहे. ठेवून घेतली तर दुसऱ्याचा पैसा खाल्ल्यासारखं. शिवाय मदरशातल्या मुलांचं जेवण, विधवेचं घरभाडं, कर्जात बुडालेल्याची सुटका बरीचशी याच पैशावर चालते. रमजानमध्ये मुंबईत उत्तरेकडच्या मदरशांचे सफीर (वर्गणी गोळा करणारे) पावतीपुस्तकं घेऊन फिरतात. पावतीवर जकात, फित्रा (ईदेआधी गरिबांना द्यायचं), सदका (मर्जीचं दान), लिल्लाह (अल्लाच्या नावाने कुठल्याही चांगल्या कामाला) असे वेगळे रकाने असतात, आणि कशावर खूण केली याला महत्त्व असतं : मशिदीच्या रंगकामाला जकात चालत नाही, तिथे लिल्लाहचाच पैसा लागतो.

तेव्हा कर म्हणावं तर सरकार नाही, दान म्हणावं तर मर्जी नाही. मराठीने हा फरक क्रियापदात ठेवला आहे : नाक्यावर जकात 'भरतात', रमजानमध्ये 'काढतात'. बातमीत 'जकात दान केली' असं लिहू नये. 'दान' सदक्यासाठी राखावं.