वाचकांचे प्रश्न : हर-टू आणि फिशचा अहवाल

प्रश्न : आईच्या स्तनातल्या गाठीचा अहवाल 'हर-टू २+' आला, म्हणून फिश (जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांवरून मोजणारी) चाचणी केली. गुणोत्तर १.६, दर पेशीत हर-टूच्या सरासरी प्रती ७.२, सेंट्रोमिअरचे (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाचे) ठिपके ४.५. गुणोत्तर २ च्या आत असेल तर निगेटिव्ह, असं वाचलं होतं. इथे मात्र 'पॉझिटिव्ह' लिहिलंय. चूक झाली आहे का?

उत्तर : आकडे पाहता चूक वाटत नाही. हर-टू जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं आणि निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कर्करोगांत त्या वाढतात, कधी दहा-वीसवरही जातात, आणि मग पेशीच्या पडद्यावर हर-टू प्रथिनाची गर्दी होते. २+ म्हणजे हे प्रथिन दाखवणारा रंग लावल्यावर १० टक्क्यांहून जास्त पेशींत पडद्याला पूर्ण वेढा घालणारा, पण फिका ते मध्यम रंग. रंगावरून ठरवता येत नाही, म्हणून जनुकाच्या प्रती मोजायच्या.

फिशमध्ये जनुकाचे ठिपके एका रंगात आणि त्याच गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचे दुसऱ्या रंगात दिसतात. पहिल्या संख्येला दुसरीने भागलं की गुणोत्तर. घोळ होतो तो इथेच. वाढलेल्या तुकड्यात कधी सेंट्रोमिअरचा भागही येतो. मग भागणारी संख्या फुगते आणि जनुकाच्या सात प्रती असूनही गुणोत्तर १.६ वर येतं. म्हणून अस्को-कॅपच्या (अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांच्या) २०१८ च्या नियमांत अशा अहवालासाठी वेगळी वाट आहे : गुणोत्तर २ च्या आत, पण प्रती ६ किंवा अधिक, आणि रंग २+ असेल, तर पहिला निकाल माहीत नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाने किमान २० पेशी मोजायच्या. आकडे तसेच राहिले तर पॉझिटिव्ह. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, की ही फेरमोजणी झाली का.

उलटंही घडतं. प्रती ३.२, सेंट्रोमिअर १.४, गुणोत्तर २.३, वाचणारा घाबरतो. पण प्रती ४ च्या आत आहेत. रंग २+ असताना फेरमोजणीतही हेच आलं, तर अहवाल निगेटिव्ह. नुसतं गुणोत्तर वाचून बसू नये, ते यासाठी.

ट्रास्टुझुमॅब (हर-टू प्रथिनाला रोखणारं औषध) सुरू होणार असेल तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हे औषध हृदयाचं पंपिंग कमी करू शकतं, म्हणून उपचार चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको परत करतात.

प्रश्न : मुलींचीही हर-टू तपासणी करावी का?

उत्तर : नाही. ही वाढ गाठीतल्या पेशींत घडते, ती वारशाने येत नाही. बीआरसीए जनुकांतला दोष वारशाने येऊ शकतो, पण ती चाचणी वेगळी. घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर त्याबद्दल जनुक-समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : प्रयोगशाळेत काम करतो. फिशच्या स्लाइडवर ठिपके मंद आणि मागे धुरकट चमक येते. प्रोब (जनुकाला चिकटून चमकणारा डीएनएचा तुकडा) बदलू का?

उत्तर : प्रोबवर एवढ्यात संशय नको. चमक जास्त आणि ठिपके मंद, म्हणजे बहुधा प्रोटिएजचं (प्रथिनं तोडणाऱ्या विकराचं) पचन कमी पडलंय. वेळ थोडीशी वाढवून पाहा. केंद्रकांच्या कडा झिजलेल्या आणि आत पोकळी दिसली तर पचन जास्त झालंय. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

त्याआधी ऊतीचा प्रवास तपासा. नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये गेला का? त्यात ६ ते ७२ तास राहिला का? मोठा नमुना न कापता तसाच बरणीत टाकला, तर मध्यभागापर्यंत फॉर्मालिन वेळेत पोचत नाही आणि तिथला निकाल बिघडतो. काप ४ ते ५ मायक्रॉनचे हवेत : जाड झाले तर केंद्रकं एकमेकांवर चढतात, पातळ झाले तर अर्धी कापली जातात आणि ठिपके कमी भरतात. हाडातला नमुना आम्लाने मऊ केला असेल तर डीएनए तुटलेला असतो. तिथे ईडीटीए (कॅल्शियम काढून घेणारं सौम्य रसायन) वापरावं.

मोजायला बसण्याआधी त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किंवा साध्या नलिकेच्या पेशी पाहा. त्यांतही दोन्ही रंगांचे ठिपके स्पष्ट दिसत नसतील, तर मोजू नका, नवा काप घ्या.