फुल्मर म्हणजे कोण? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

समुद्रपक्ष्यांवरच्या मागच्या लेखात ‘फुल्मर’ हे नाव ओझरतं आलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

स्कॉटलंडच्या बेटांवरचं एक प्रवासवर्णन मी मराठीत आणते आहे. त्यात ‘फुल्मर’ पानोपानी भेटतो. शब्दकोशात ‘एक समुद्रपक्षी’ एवढ्यावरच बोळवण केली आहे. नावाला काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो नाकाला झोंबणारा आहे. प्राचीन नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत ‘फूल’ म्हणजे घाण वास मारणारा आणि ‘मार’ म्हणजे कुरव (सीगल). आपलं फूल इथे अगदी उलट्या टोकाला आहे! नॉर्स दर्यावर्दी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर वसले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा शब्द तिथे उतरला आणि बोलीत मुरला. मार्टिन मार्टिन या लेखकाने १६९८ साली सेंट किल्डा बेटाचं वर्णन छापलं, त्यात हा पक्षी आहे. आइसलँडमध्ये त्याला आजही ‘फील’ म्हणतात, म्हणजे कुरव गळून गेला आणि वास तेवढा उरला.

हा वास कसला ते कळलं की नाव पटतं. फुल्मराच्या जठराच्या पुढच्या भागात, खाल्लेल्या मासळीपासून तयार झालेलं पिवळसर-नारिंगी तेल साठलेलं असतं. घरट्याजवळ कुणी आलं की पक्षी चोच वासतो आणि ते तेल पिचकारीसारखं अंगावर सोडतो. एकदा नेम चुकला तर पुन्हा सोडतो. अंगावर जेमतेम पिसं फुटलेलं पिल्लूसुद्धा यात तरबेज असतं. कपड्यांवर पडलेला वास धुऊन जात नाही, पण माणसाचं निभावतं. शिकारी पक्ष्याची मात्र खैर नसते. तेलाने पिसं चिकटतात, पाणी झिरपू लागतं, आणि ससाण्यासारखा पक्षीही उडेनासा होऊन मरू शकतो.

तुमच्या पुस्तकात सेंट किल्डा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथल्या माणसांचा संसार या पक्ष्यावर चालायचा. मांस खायला, तेल दिव्याला, पिसं जमिनीचा खंड भरायला. लोक दोराने कड्यांवर उतरून पक्षी धरत. १९३० साली उरलेसुरले रहिवासी बेट सोडून गेले. म्हणून तिथलं ‘फुल्मर’ पक्षिनिरीक्षकाच्या यादीतलं नाव म्हणून वाचू नका, धान्याच्या नावासारखं वाचा.

मग मराठीत सरळ ‘कुरव’ का म्हणू नये? फोटोत तर तसाच दिसतो.

लांबून दिसतो खरा. नाव ठेवणारेही त्याच दिसण्याला भुलले. पण हा कुरवांच्या कुळातला नाही, पेट्रेल आणि अल्बट्रॉस या भर समुद्रावर वावरणाऱ्या पक्ष्यांच्या गोतावळ्यातला आहे. चोच जवळून पाहा. ती अखंड नसते, वेगवेगळ्या पट्ट्या सांधल्यासारखी असते आणि वर नाकपुड्यांची नळी बसवलेली असते. कुरवाला अशी नळी नसते. डोळ्याभोवती काजळ फिसकटल्यासारखी काळसर छटा असते. उडतानाही फरक कळतो. कुरव पंख वाकवून निवांत मारतो, तर फुल्मर ते ताठ धरून लाटांवरून तरंगत जातो.

‘खवट कुरव’ असं भाषांतर मला एकदा सुचवलं गेलं होतं. अर्थ नेमका उतरतो, तेलाला तर ‘खवट’ हाच शब्द. पण वाचक त्यामुळे चुकीच्या कुळात जाऊन पोचेल. नाव ‘फुल्मर’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगा.

उच्चार ‘फल्मर’ की ‘फुल्मर’? आणि मराठीत तो, ती की ते?

फुल्मर. ‘तो’ चालवावा, कुरवासारखा. अनेकवचनातही फुल्मरच, विभक्ती लावताना फुल्मराने, फुल्मरांना.

जुन्या दर्यावर्दी कथांत ‘मॉलीमॉक’ येतो. तो हाच का?

कथा कुठल्या समुद्रातली आहे, त्यावर ठरतं. हा डच खलाशांचा शब्द, मूळ ‘मालेमोक’. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात देवमाशांच्या शिकारीला गेलेले खलाशी फुल्मराला असं म्हणत. त्यातला ‘माले’ म्हणजे वेडा, मूर्ख. डॅनिश भाषेत फुल्मराला अजून ‘मालेमुक’च म्हणतात. पुढे खलाशी दक्षिणेकडे गेले आणि तोच शब्द तिथल्या लहान चणीच्या अल्बट्रॉसांना चिकटला. आज इंग्रजीत मॉलीमॉक म्हणजे ते अल्बट्रॉस. तेव्हा ग्रीनलंडजवळचा असेल तर फुल्मर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नजवळचा असेल तर अल्बट्रॉस.

खनिज तेलाच्या बातमीत ‘फुल्मर’ वाचलं. पक्ष्याच्या तेलाशी संबंध?

नाही, निव्वळ योगायोग. ब्रिटनच्या पूर्वेकडच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) स्वतःच्या तेलक्षेत्रांना पाणपक्ष्यांची नावं द्यायची शेल या तेल कंपनीची पद्धत होती : ऑक, गॅनेट, कॉर्मोरंट, फुल्मर. रोजच्या बातम्यांत ज्याचा भाव येतो ते ‘ब्रेंट क्रूड’ हे कच्चं तेलसुद्धा त्यातलंच. ब्रेंट हा एक हंस. दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टीत मात्र ‘फुल्मर पाडलं’ असं आलं तर ते ब्रिटिश नौदलाचं लढाऊ विमान. तिथे पक्षी मारू नका.

प्लास्टिक प्रदूषणाच्या अहवालांत हाच पक्षी का?

कारण तो पाण्यावर तरंगणारं जे दिसेल ते गिळतो आणि फक्त समुद्रातच चरतो. कुरव न पचलेलं गोळी करून ओकतो. फुल्मर शत्रूवर तेल ओकतो, पण पोटातला कडक कचरा सहसा ओकत नाही. तो साठत जातो. त्यामुळे किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या फुल्मराचं पोट उघडलं की त्या भागातल्या समुद्रावर काय तरंगतंय ते कळतं. उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी यावरूनच उद्दिष्ट ठरवलं : ०.१ ग्रॅमहून जास्त प्लास्टिक पोटात असलेले फुल्मर दर शंभरात दहापेक्षा जास्त नसावेत. प्रत्यक्षातलं प्रमाण त्याच्या कितीतरी वर राहिलं आहे.