डब्यावर तारखेसोबत वेळही लिहा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा महिला बचत गट कराड तालुक्यात आहे. भाकरी, उसळ, वरण-भात, कोशिंबीर आणि ताक ही आमची खासियत. आजवर लग्नकार्यं आणि मळ्यातल्या मजुरांची जेवणं केली. आता मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाचं रात्रीचं जेवण आणि एका रुग्णालयाचं दुपारचं जेवण द्यायची संधी आली आहे. गृहपाल मॅडम म्हणतात, प्रत्येक डब्यावर लेबल हवं, एक्सपायरी हवी. रोज करून रोज संपणाऱ्या जेवणाला कसली एक्सपायरी? शिवाय भाकरी आम्ही आपापल्या घरी थापतो, कालवण एकीच्या घरी होतं. हे चालेल का?
– एक वाचक भगिनी, ता. कराड

उत्तर : ताई, आधी तुमच्या गटाचं मनापासून अभिनंदन. मी सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. बाहेरून आलेलं जेवण उतरवून घेणं, ते तपासणं आणि वॉर्डात पाठवणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने सांगते : तुमच्या गृहपाल मॅडमची मागणी रास्त आहे.

जेवण ताजं असतं ते तुमच्या चुलीपाशी. तुम्ही चार वाजता उसळ उतरवता, साडेपाचला टेम्पो निघतो, सव्वासहाला वसतिगृहात पोचतो आणि मुली आठ वाजता ताटावर बसतात. एखादी मुलगी क्लासहून नऊला येते, तिच्यासाठी वाटी झाकून ठेवलेली असते. तिच्या हातात ती वाटी पडते तेव्हा उसळीला पाच तास झालेले असतात. रुग्णालयात तर याहून वेळ जातो. डॉक्टरांचा राउंड लांबतो, कुणाला एक्स-रेला नेलेलं असतं, कुणाला तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं असतं. वाढणाऱ्या मावशींना त्या डब्याकडे पाहून काय कळणार? झाकणावर नुसती आजची तारीख असेल तर काहीच नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पदार्थाचं नाव, शिजवून उतरवल्याची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत खावे’ हे तीन शब्द-आकडे कागदी टेपवर ठळक मार्करने लिहून प्रत्येक डब्यावर चिकटवा. झाकणावर नाही, डब्याच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात.

कायद्याचं म्हणाल, तर लगेच खाण्यासाठी वाढल्या जाणाऱ्या जेवणाला पोषणमूल्यांचा तक्ता छापावा लागत नाही. तो भार तुमच्यावर नाही. पण ताक तुम्ही सीलबंद पिशवीत किंवा बाटलीत भरून देणार असाल, तर ते पॅकबंद अन्न झालं आणि २०२०चे लेबलिंगचे नियम लागू झाले. मग नाव, घटक, वजन किंवा माप, बनवल्याची आणि वापराची शेवटची तारीख, बॅच क्रमांक, तुमचा पत्ता, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ, साठवणुकीची सूचना असं सगळं आलं. सुरुवातीला तरी ताक झाकणाच्या स्टीलच्या कॅनमधून द्या आणि तिथेच ओतून वाढू द्या. मात्र कॅन थंड राहिला पाहिजे, ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली. बर्फ घालायचा तर पिण्याच्या पाण्याचाच, आणि तोही कॅनच्या बाहेरून.

आता एक गोष्ट, जी कायद्याने पॅकबंद अन्नावर मागितली आहे, पण तुम्ही उघड्या डब्यावरही लिहावी असं मला कळकळीने वाटतं : शेंगदाणा. आपल्याकडे कोशिंबिरीत कूट, उसळीत कूट, चटणीत तर दाणेच. ज्या घटकांची ॲलर्जी जाहीर करावी लागते त्या यादीत शेंगदाणा आहे, दूध आहे, गहू आहे, सोयाबीन आहे. घरी कुणाला काय चालत नाही हे आईला ठाऊक असतं, वसतिगृहात ते कुणालाच ठाऊक नसतं. ‘दाण्याचं कूट आहे’ एवढं डब्यावर लिहायला दहा सेकंद लागतात. ॲलर्जी असलेल्या मुलीला त्या ओळीने वाचवता येतं. रुग्णालयाच्या डब्यांवर याशिवाय ‘मीठ कमी’, ‘मधुमेह’, ‘मऊ आहार’ हेही हवं, आणि दोन प्रकारचे डबे दिसायलाही वेगळे हवेत. एका रंगाच्या झाकणाखाली दोन आहार असले की गर्दीच्या वेळी ते हमखास उलटे जातात.

घरोघरी भाकरी थापण्याबद्दल. एफएसएसएआयकडची अन्नव्यवसायाची नोंदणी जागेची असते. ज्या पत्त्यावर अन्न शिजतं, त्या पत्त्याची. एका घराच्या नोंदणीवर बाकीच्या घरांतल्या चुली चालणार नाहीत. एकतर प्रत्येकीने आपल्या घराची नोंदणी करावी किंवा सगळ्यांनी मिळून एक शेड घ्यावी. मी शेडच्या बाजूची आहे. पाणी एक, पीठ एक, हात धुण्याची जागा एक, आणि तपासायला कुणी आलं तर दाखवायला एकच दार. नोंदणी की परवाना हे वार्षिक उलाढालीवर ठरतं. २०११च्या नियमांत नोंदणीची मर्यादा १२ लाख रुपये होती, पण या मर्यादा बदलतात, म्हणून अर्जाआधी एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहा किंवा साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारा. एजंटाला पैसे देऊ नका, अर्ज तुमच्या गावातली शिकलेली मुलगी मोबाइलवर भरू शकते. क्रमांक मिळाला की तो बिलावरही यायला हवा, १ जानेवारी २०२२पासून ते बंधनकारक आहे. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस आणि गटातल्या एकीचं फॉस्टॅक म्हणजे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण, एवढं करून घ्या.

कागद झाले. पण रुग्णालयात जेवणातून विषबाधा झालेली माणसं पाहिलेल्या बाईला खरी काळजी वाटते ती भाताची. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उठतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून ‘संध्याकाळी वाफ देऊ’ हा उपाय नव्हे. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली, मधल्या पट्ट्यात शक्य तितका कमी वेळ. सुईचा अन्न-थर्मामीटर काहीशे रुपयांना मिळतो. टेम्पोत चढवताना एकदा आणि तिथे उतरवताना एकदा, टोपाच्या मधोमध सुई खुपसून आकडा वहीत लिहा आणि तिथल्या माणसाची सही घ्या. ही वही तुमचं संरक्षण आहे. उतरवताना भात ६५ होता आणि पुढे तो दोन तास उघडा राहिला, तर ते दिसेल. मी पुरवठादारांची बाजू घेऊन अनेकदा भांडले आहे, पण वही नसली की भांडायला हातात काही नसतं.

वरण मोठ्या टोपात दुपारी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नका. मोठ्या टोपाचा मध्य फार हळू निवतो, घट्ट कालवणात तिथेच जिवाणू माजतात. दोन वेळा थोडं थोडं शिजवा. मटकीला मोड आणताना पाणी पिण्याचं, फडकं रोज उकळलेलं, आणि कोशिंबिरीत कच्ची मोडाची मटकी घालू नका, निदान रुग्णालयासाठी तरी. दही-कूट घातलेली कोशिंबीर आधी कालवून पाठवू नका. चिरलेलं वेगळं, दही वेगळं, कूट वेगळं द्या, तिथे कालवतील. भाकरी तव्यावरून थेट डब्यात रचली की घाम सुटून ओली होते. धुतलेल्या सुती कापडावर वाफ जाऊ द्या, मग कापडातच गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात अजिबात नको, शाई अन्नाला लागते.

आणि कीटकनाशकाचा, फिनेलचा, रंगाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला तरी स्वयंपाकाच्या खोलीत येता कामा नये. १६ जुलै २०१३ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, आपल्या शेतांवरही फवारलेलं कीटकनाशक. शेतकरी घरात असे डबे असतातच, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. जेवण निघण्याआधी तुमच्यातल्या एकीने आणि मुलींना वाढण्याआधी तिथल्या एका मोठ्या माणसाने चव घ्यावी. वास, चव जराही वेगळी लागली तर वाढू नये. प्रत्येक पदार्थाची वाटीभर चव झाकणबंद डबीत, वेळ लिहून, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. काही झालंच तर कारण शोधता येईल.

दरात हा खर्च धरा. शेड, थर्मामीटर, गॅसची दुसरी फेरी, डबे हे सगळं मांडून दर सांगा आणि कमी दराच्या हट्टापुढे वाकू नका.

प्रश्न : आमच्या शेतातली मेथी, पालक, टोमॅटो आश्रमशाळेला थेट देतो. आम्हालाही नोंदणी लागेल का?
– एक शेतकरी, ता. अकोले

उत्तर : स्वतःच्या शेतातला माल जसा निघाला तसा देत असाल, तर शेतकरी म्हणून तुम्हाला अन्न नोंदणी लागत नाही. तीच मेथी निवडून, चिरून, पिशवीत भरून देऊ लागलात की तो अन्नव्यवसाय झाला, मग लागेल. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा. मुलं ती भाजी रोज खाणार आहेत. शेवटच्या फवारणीची तारीख चलनावर लिहून दिलीत, तर अधीक्षकांना फार मदत होईल.

प्रश्न : लग्नात उरलेलं जेवण लोक रात्री उशिरा आमच्या वसतिगृहात आणून देतात. नाही म्हणवत नाही. काय करावं?
– एक गृहपाल

उत्तर : नाही म्हणा. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते जेवण मांडवात किती वेळ होतं हे त्यालाही सांगता येत नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९चे वेगळे नियम आहेत, त्यानुसार काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत, त्यांच्याकडे पाठवा. ज्यांना मुलींना काही द्यायचंच आहे, त्यांना आदल्या दिवशी कळवायला सांगा आणि शिधा घ्या : तांदूळ, गूळ, शेंगदाणे, तेलाचा सीलबंद डबा. गोडधोड तुमच्याच स्वयंपाकघरात करा. बाळंतपणाच्या, वाढदिवसाच्या मिठाईलाही हेच. पेढे-बर्फी घ्यायचीच तर दुकानाची सीलबंद, तारीख असलेली घ्या, आणि आली त्याच दिवशी वाटून टाका.