हेलसिंकीतला सॉना आणि आपली लाज

प्रश्न: ताई, आम्ही दोघं फिनलंडला, हेलसिंकीला चाललोय. तिथल्या पब्लिक सॉनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, सगळे कपडे काढून बसतात म्हणे, खरंय का? नवरा आत्ताच नको म्हणतोय.

उत्तर: अगं, त्याला सांग घाबरू नको, कुठला सॉना आहे ते बघून जायचं. समुद्राकाठचा लोयलू नावाचा सॉना 2016 चा, तिथे बायका-पुरुष एकत्र आणि स्विमसूट लागतोच, त्यामुळे पहिल्यांदा तिथेच जा. काल्लिओ भागातला कोटिहार्यू मात्र 1928 पासूनचा, लाकडावर तापणारा, तिथे बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं आणि आत कपडे नाहीतच, पण खरं सांगू, कोणी ढुंकूनही बघत नाही, दोन मिनिटांत आपणच विसरतो.

आधी साबण लावून आंघोळ, मग बुडाखाली छोटा टॉवेल किंवा कागद घालून बसायचं. वरची पायरी जास्त तापते, 80 अंशाच्या वर सहज जातं, म्हणून तू खालीच बस. कोणीतरी तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकतं, चर्रर्र होतं आणि क्षणभराने वाफ कानाच्या पाळ्यांना चटका देते, त्या वाफेलाही लोयलूच म्हणतात. गरगरलं की सरळ बाहेर, हिरोगिरी नको (नवऱ्याला हे दोनदा सांग). बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.